वर्गातलं प्रबलन : शिक्षक आणि पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. केंद्राची शिक्षण परिषद असो, पालकसभा असो की टीईटीची (शिक्षक पात्रता परीक्षेची) तयारी करणाऱ्या मुलामुलींशी गप्पा असोत, मुलांच्या वागण्याबद्दल फिरून फिरून तेच प्रश्न निघतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. काही पुस्तकातून आली, बरीचशी वर्गात चुकत चुकत मिळाली. या सगळ्यात मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते : मूल असं का वागतं हे शोधताना त्याच्या वागण्यानंतर लगेच काय घडतं तिकडे बघा.

प्रबलन म्हणजे बक्षीसच ना?

नाही. एखादी वस्तू प्रबलन आहे की नाही हे तिच्या परिणामावरून ठरतं. मुलानं काही केलं, त्याच्या मागोमाग काही घडलं आणि त्यामुळे ते वागणं पुढे वाढलं किंवा टिकलं, तर घडलं ते प्रबलन. वाढलं नाही, तर आपण पेन दिलेलं असो, तारा दिलेला असो की टाळ्या वाजवलेल्या असोत, प्रबलन झालंच नाही.

माझ्या वर्गात एक अबोल मुलगी होती. एकदा तिनं पहिल्यांदाच हात वर करून बरोबर उत्तर दिलं. मला इतका आनंद झाला की मी तिला पुढे बोलावलं आणि सगळ्या वर्गाला पावसाची टाळी वाजवायला लावली. आधी एका बोटानं, मग दोन, मग पूर्ण पंज्यानं. ती मान खाली घालून गणवेशाच्या बटणाशी चाळा करत उभी होती. पुढचे पंधरा दिवस तिचा हात वर आला नाही. मी बक्षीस दिलं होतं, तिला ती शिक्षा झाली. मग मी पद्धत बदलली. फिरता फिरता तिच्या बाकाशी थांबायचं, वहीवर छोटीशी बरोबरची खूण करायची आणि हळूच म्हणायचं, 'जमलं गं तुला.' हात पुन्हा वर यायला लागला.

डी.एड.ला आपण 'साधक अभिसंधान', म्हणजे वागण्याच्या परिणामातून शिकणं, या नावाखाली हेच शिकलो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १८९८ साली पेटीत कोंडलेल्या मांजरांवरचे प्रयोग मांडले. ज्या हालचालीनंतर दार उघडून खाणं मिळे, ती हालचाल मांजर दर वेळी अधिक लवकर करू लागे. बी. एफ. स्किनर यांनी १९३८च्या पुस्तकात आणि त्यानंतरही हा विचार पुढे नेला.

धन म्हणजे चांगलं आणि ऋण म्हणजे वाईट, असंच ना?

या दोन शब्दांनी फार घोळ घातला आहे. इथे धन-ऋण म्हणजे बेरीज-वजाबाकी, एवढंच धरा. वागण्यानंतर मुलाला हवंसं काही मिळालं आणि ते वागणं वाढलं, तर ते धन प्रबलन. वागण्यानंतर नकोसं काही टळलं किंवा थांबलं आणि ते वागणं वाढलं, तर ऋण प्रबलन. दोन्हीत वागणं वाढतं.

गाडीत बसल्यावर पट्टा लावेपर्यंत टीं टीं वाजत राहतं. पट्टा लावला की थांबतं, म्हणून आपण पट्टा लावतो. हे ऋण प्रबलन. यात कोणी कोणाला मारलं नाही की रागावलं नाही.

मग ऋण प्रबलन आणि शिक्षा एकच नाही?

नाही, आणि टीईटी देणाऱ्यांपैकी निम्मे तरी इथे अडखळताना मी पाहिले आहेत. शिक्षेनं वागणं कमी होतं, ऋण प्रबलनानं वाढतं. गोंधळ उडतो, कारण नकोशी गोष्ट दोन्हीकडे असते. शिक्षेत ती येते, ऋण प्रबलनात ती जाते.

वर्गातली दोन उदाहरणं बघा. 'पहिली पाच गणितं नीट सोडवलीत तर उरलेली तीन माफ.' मुलं पाच गणितं लक्ष देऊन सोडवायला लागली, तर हे ऋण प्रबलन आणि चांगलं ऋण प्रबलन. दुसरं उदाहरण आपल्या नकळत घडतं. चाचणीच्या दिवशी एका मुलीचं पोट दुखतं आणि आपण तिला घरी पाठवतो. पुढच्या चाचणीला पुन्हा दुखतं. ती खोटं बोलते असं मी म्हणत नाही. भीतीनं पोट खरंच दुखतं. पण पोट दुखलं की चाचणी टळते हे तिच्या शरीरानं आणि मनानं टिपलेलं असतं. तिला डॉक्टरांना दाखवायलाच हवं. सोबत चाचणीची भीतीही कमी करायला हवी, नाहीतर दुखणं प्रत्येक घटक चाचणीला परत येईल.

वर्गाबाहेर उभं केलं तरी मुलगा सुधारत नाही. असं का?

कारण बाहेर जायलाच मिळावं, हीच कदाचित त्याची इच्छा असेल. हे मला कळायला नोकरीची कितीतरी वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चौथीत एक मुलगा होता. शेजाऱ्याची पेन्सिल ओढायची, बाक बडवायचा, मध्येच मोठ्यानं जांभई द्यायची. मी दोनदा समजावायचे आणि तिसऱ्यांदा म्हणायचे, 'जा, बाहेर उभा राहा.' तो निमूट जायचा आणि व्हरांड्यातल्या खांबाला टेकून कडुनिंबाकडे बघत राहायचा. मला वाटायचं, शिक्षा लागू पडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एकदा मी टाचणवहीच्या मागच्या पानावर नोंद ठेवायला सुरुवात केली : कोणत्या तासिकेला, कशानंतर आणि मी काय केलं. नऊ शाळेच्या दिवसांत त्याला अकरा वेळा बाहेर काढलं होतं. त्यातल्या नऊ वेळा तासिका गणिताची होती आणि फळ्यावर भागाकार होता. भाषेच्या तासाला एकदाही नाही. पानावर त्या रेघा बघताना मला फार वाईट वाटलं. त्याला भागाकार येत नव्हता आणि न येण्याची लाज झाकायचा एक रस्ता त्याला मीच रोज मोकळा करून देत होते. बाक बडवला की भागाकार टळतो. पुस्तकातल्या ऋण प्रबलनाचं याहून चपखल उदाहरण मला सापडलेलं नाही.

मग दोन गोष्टी केल्या. आधी त्याला नेमकं काय येतं ते पाहिलं. चौऱ्याऐंशी भागिले चार जमत होतं, बाकी उरली की गाडी अडायची आणि सातच्या पुढचे पाढे कच्चे होते. म्हणून त्याला आठऐवजी तीन उदाहरणं दिली, त्यातली पहिली दोन जमण्यासारखी. 'दोन नीट सोडव, तिसरं सोडलंस तरी चालेल.' टाळण्याची मुभा तीच, पण आता ती काम केल्यावर मिळत होती.

दुसरी गोष्ट म्हणजे बाटलीचं एक लाल झाकण. 'अडलं, कंटाळा आला, तर हे बाकाच्या कोपऱ्यावर ठेव. मग उठून पाणी पिऊन यायचं, दोन मिनिटं थांबायचं, तोवर मी तुझ्याकडे येते.' पहिल्या दिवशी त्यानं झाकण सात वेळा ठेवलं. साताही वेळा मी शब्द पाळला. इथे शिक्षकाचा धीर सुटतो, कारण मूल गैरफायदा घेतंय असं वाटतं. पण बाक बडवण्यापेक्षा झाकण ठेवणं त्याला सोपं आणि खात्रीचं वाटायला हवं, तरच तो जुना रस्ता सोडेल. आठवड्याभरात झाकण दोन-तीन वेळांवर आलं. मग तीनाची चार उदाहरणं केली, मग पाच. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तो सहा सोडवत होता. बाक तो अजूनही अधूनमधून बडवायचा, पण भागाकारापासून पळण्यासाठी नाही.

ओरडलं की वर्ग चिडीचूप होतो. मग ओरडण्यात चूक काय?

ओरडल्यावर शांतता होते, हेच तर कारण आहे. गोंगाट नकोसा होतो, आपण ओरडतो, गोंगाट थांबतो आणि आपलं ओरडणं पक्कं होतं. म्हणजे प्रबलन आपल्याला मिळतं. मुलांचा गोंगाट पाच मिनिटांत परत येतो, पण ती पाच मिनिटांची शांतता आपल्याला पुन्हा ओरडायला पुरेशी असते. तिसऱ्या तासाला घसा बसतो.

शिवाय कोणाचं नाव घेऊन ओरडतो तेही पाहा. चाळीस मुलांमधून बाईंनी फक्त आपल्याकडे बघावं अशी भूक कित्येक मुलांना असते. ज्या मुलाला घरी कोणी विचारत नाही, त्याला रागावलेल्या बाईही चालतात.

कौतुक करायचं म्हणजे सारखं 'शाब्बास, शाब्बास' म्हणायचं का?

दिवसातून पन्नास वेळा उच्चारलेला 'शाब्बास' मुलांच्या कानावरून जातो. काय आवडलं ते सांगा. 'घंटा झाल्याबरोबर तू वही काढलीस' किंवा 'खाडाखोड केलीस, पण परत करून पाहिलंस.' यातून काय परत करायचं ते मुलाला कळतं.

हुशारीचं कौतुक जपून करा. म्युलर आणि ड्वेक यांनी १९९८ साली पाचवीच्या वयाच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. 'तू हुशार आहेस' असं ऐकलेली मुलं पुढची अवघड कोडी चुकल्यावर लवकर खचली. 'तू मेहनत घेतलीस' असं ऐकलेली जास्त वेळ टिकून राहिली.

आणि उशीर नको. स्किनर १९५३ साली आपल्या मुलीच्या शाळेत गणिताचा तास बघायला गेले होते. त्यांना खटकलेली एक गोष्ट म्हणजे उदाहरण बरोबर आहे की चूक हे मुलांना तिथल्या तिथे कळतच नव्हतं. आपल्या टेबलावरचा वह्यांचा गठ्ठा आठवा. सोमवारचं गणित शुक्रवारी तपासलं, तर त्या बरोबरच्या खुणेचा सोमवारच्या मेहनतीशी संबंध उरत नाही. मी आता गणिताच्या तासाला लाल पेन घेऊन बाकांमधून फिरते आणि प्रत्येकाचं निदान एक उदाहरण जागेवर तपासते. गठ्ठा अर्ध्यावर आला, हा वेगळा फायदा.

चुकीच्या वागण्याकडे दुर्लक्ष केलं तर ते वाढतंच!

सुरुवातीला वाढतं, हे अगदी खरं. रोज मिळणारी दाद अचानक बंद झाली की मूल आधी जोर वाढवतं. दिव्याचं बटण दाबून दिवा लागला नाही की आपण ते चार वेळा खटखट करतो, तसंच. नेमक्या या टप्प्यावर आपण वैतागून 'काय चाललंय रे?' म्हटलं, की मूल शिकतं : हळू आवाजात भागत नाही, मोठा आवाज काढायला हवा. म्हणून शेवटपर्यंत नेता येणार नसेल, तर दुर्लक्षाला हातच घालू नका.

नुसतं दुर्लक्षही पुरत नाही. १९६८ साली अमेरिकेत मॅडसन, बेकर आणि थॉमस यांनी प्राथमिक वर्गांत हे करून पाहिलं. फक्त नियम सांगून फारसा फरक पडला नाही. किरकोळ गैरवर्तनाकडे दुर्लक्ष आणि चांगल्या वागण्याचं कौतुक ही जोडी बांधल्यावर वर्ग बदलला.

मारामारी, चिडवणं, स्वतःला इजा करणं याकडे मात्र कधीही दुर्लक्ष करायचं नाही. तिथे लगेच मध्ये पडायचं. आणि हसून दाद देणारा सगळा वर्गच असेल, तर एकट्या बाईंच्या दुर्लक्षानं काही होत नाही.

बक्षिसं देणं म्हणजे लाच नाही का? मुलं बक्षिसाशिवाय काहीच करणार नाहीत.

ही भीती निराधार नाही. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीत आवडीनं चित्रं काढणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता ते शेवटी दिलं आणि काहींना दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळात पहिल्या गटातल्या मुलांनी चित्रं काढण्यात इतरांच्या जवळपास निम्माच वेळ घालवला. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी कमी झाली नाही.

माझा निष्कर्ष सरळ आहे. मूल जे मनापासून करतं, त्यावर तारे चिकटवू नका. गोष्टीची पुस्तकं आवडीनं वाचणाऱ्या मुलीला पुस्तकामागे गुण देऊ नका. जिथे सुरुवातच होत नाही तिथे बक्षिसाचा आधार द्या आणि जमायला लागलं, त्यात मजा वाटायला लागली की तो काढून घ्या. मूल सायकल शिकतं तेव्हा आपण मागून सीट धरतोच ना, आणि एका क्षणी सोडतोही.

लाच वेगळी. मूल दुकानात आडवं पडून रडायला लागल्यावर 'गप्प बस, चॉकलेट देते' म्हणणं ही लाच, कारण चॉकलेट रडण्यामागून आलं.

बक्षिसांना पैसे कुठून आणायचे?

लागतच नाहीत. डेव्हिड प्रिमॅक यांनी १९५९ साली मांडलं की मूल जे काम आपणहून जास्त करतं, तेच कमी आवडणाऱ्या कामासाठी प्रबलन म्हणून वापरता येतं. आपल्या आज्या हे कधीपासून करत आल्या आहेत : आधी भाजी संपव, मग खेळायला जा.

माझ्या वर्गातलं सगळ्यात मोठं बक्षीस म्हणजे शाळेची घंटा वाजवणं. लोखंडी तुकड्यावर टोले द्यायला मिळावेत म्हणून मुलं आठवडाभर नीट रांगेत येतात. त्याखालोखाल परिपाठात सुविचार सांगणं, पोषण आहाराच्या रांगेत पहिला नंबर, फळा पुसणं, हजेरीपत्रक कार्यालयात नेणं आणि पहिलीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवणं. मुलांनाच विचारा आणि यादी बनवा. दरवर्षी ती बदलते.

चाळीस-पन्नास मुलं, त्यात दोन इयत्ता एकत्र. प्रत्येकाकडे लक्ष कसं देणार?

गट करा. १९६९ साली बॅरिश, साँडर्स आणि वुल्फ यांनी चौथीच्या एका वर्गात एक खेळ आणला. वर्गाचे दोन संघ करायचे. संघातल्या कोणी नियम मोडला की त्या संघापुढे फळ्यावर एक खूण. ठरलेल्या आकड्याच्या आत राहिलेला संघ जिंकतो, आणि दोन्ही संघ आत राहिले तर दोन्ही जिंकतात. दोघांनाही जिंकता येतं, हा या खेळाचा जीव आहे. आपल्याकडे आपण नकळत एका गटाला हरवायला बसतो.

मी तो थोडा उलटा करून घेतला आहे : नियम पाळला की खूण. आणि खेळ आखूड ठेवते, सुरुवातीला दहा मिनिटं. एकच मूल गटाला मागे ओढतंय आणि बाकीचे त्याच्यावर चिडतायत असं दिसलं, तर त्याला दोन दिवस गुण मोजायचं काम द्या किंवा त्याचा एकट्याचा गट करा. त्याला सगळ्यांचा रोष सोसायला लावू नका.

मॉनिटर बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो. चालेल का?

मी बंद केलं. नाव फळ्यावर झळकतं, सगळे बघतात, हसतात. काही मुलांना तेच हवं असतं. मॉनिटरची भांडणं होतात ती वेगळीच. नावं लिहायचीच असतील तर मदत करणाऱ्यांची लिहा.

बक्षीस दर वेळी द्यायचं की अधूनमधून?

नवी सवय लावताना दर वेळी, सवय रुजली की अधूनमधून. स्किनर आणि फर्स्टर यांनी १९५७च्या त्यांच्या ग्रंथात दाखवलं की अनिश्चित अंतरानं मिळणारं प्रबलन वागणं फार चिवट करतं. चांगल्या सवयीबाबत हे वरदान आहे. वाईट सवयीबाबत हाच नियम आपल्यावर उलटतो. मोबाइलसाठी मूल चार दिवस रडलं, आपण दिला नाही, पाचव्या दिवशी पाहुणे आले म्हणून दिला. त्या एका दिवसानं चार दिवसांवर पाणी फिरतं, कारण मूल शिकतं : रडत राहिलं तर कधीतरी मिळतो.

पालकांनी घरी काय करायचं?

याच मोबाइलपासून सुरू करा. मूल रडतं, आई मोबाइल देते, रडणं थांबतं. मुलाला मोबाइल मिळाला आणि आईला शांतता. दोघंही अडकले. दिवसभर शेतात किंवा कारखान्यात राबून आलेल्या आईला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. तिला इतकंच सांगते : द्यायचा असेल तर रडायच्या आधी द्या, वेळ ठरवून. 'हात-पाय धुऊन, दप्तर आवरून झालं की अर्धा तास.' रडायला लागल्यावर मात्र कोणीच द्यायचा नाही, आजीनंही नाही.

आणि प्रगतिपुस्तक बघताना बोट आधी जमलेल्या विषयावर ठेवा.

थोडीफार भीती तर हवीच ना? दोन फटक्यांनी आम्ही घडलो.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा, २००९ यातलं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करतं. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. कोंबडा करणं, अंगठे धरायला लावणं, सगळ्यांसमोर अपमान करणं, हे कायद्यानं बंद आहे.

पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. मार चुकवण्यासाठी मूल गृहपाठ करतं, तसंच मार चुकवण्यासाठी ते दुसऱ्याची वही उतरवून काढतं, वही हरवली म्हणतं, शाळेलाच दांडी मारतं. मार टळणं हे या सगळ्यांसाठी सारखंच ऋण प्रबलन आहे. त्यातून कोणतं वागणं वाढेल हे आपल्या हातात राहत नाही. 'अभ्यास कर, नाहीतर छडी' या धमकीला ऋण प्रबलनाचं शास्त्रीय नाव देऊन कोणी समर्थन करत असेल, तर त्याला इथेच थांबवा. नकोशी गोष्ट आपणच निर्माण करून ती मागे घेण्याचा सौदा मुलांशी करायचा नसतो.

उपाय लागू पडतोय हे कसं कळणार?

मोजून. काही करण्याआधी पाच दिवस नुसत्या रेघा मारा : जागेवरून किती वेळा उठला, किती वेळा हात वर केला. मग उपाय सुरू करा आणि रेघा मारत राहा. दोन आठवड्यांत आकडा हलला नाही तर उपाय बदला, मुलाला दोष देऊ नका. 'हल्ली बरा वागतो' या अंदाजावर विसंबू नका, आपला मूड चांगला असला की सगळीच मुलं बरी वाटतात.

सगळं करूनही फरक पडत नसेल तर?

खरं तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा. एका मुलीला 'वही पूर्ण' याचा तारा महिनाभर मिळाला नाही. फळ्यावरचं अर्धंच उतरवायची आणि शेजारणीशी बोलायची. मी तक्ता बदलला, तारा मोठा केला, तिच्या आईला बोलावलं. पुढे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला आलं, तेव्हा कळलं की तिला तिसऱ्या बाकावरून फळा धूसर दिसत होता. शेजारणीशी ती बोलायची, कारण वर काय लिहिलंय ते विचारत होती.

तेव्हापासून कोणताही तक्ता भिंतीवर लावण्याआधी मी मुलाला पहिल्या बाकावर बसवून बघते, मागून हाक मारून ऐकू येतं का ते पाहते, सकाळी काय खाऊन आलास ते विचारते आणि घरी काही घडलंय का याची आडून चौकशी करते. अक्षरं सतत उलटी होत असतील किंवा वाचन खूपच मागे असेल, तर विशेष शिक्षकांना कळवते. त्या मुलीला चष्मा मिळाला. पहिल्या दिवशी तिनं फळ्यावरचं सगळं उतरवलं, कोपऱ्यातली तारीख आणि पटसंख्येसकट.